मीनाक्षीबाईंच्या मृत्यूचा दाखला

आमच्या सासूबाई पोर्तुगीज आहेत हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी, लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या एका हळदीकुंकवात कळलं.

हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम, असं कोणी विचारेल. काम असतं. बायकांना गाडीतून आणायचं, त्यांचे ओव्हरकोट वरच्या बेडरूममध्ये पलंगावर रचायचे, आणि मग मागच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे काचेच्या खोलीत, गारठत बसून आतून वाटी येण्याची वाट बघायची. त्या दिवशी तिथे आम्ही दोघंच नवरे होतो, मी आणि पद्माकर घाटपांडे. पद्माकर स्लाउला राहतो, आमच्या मंडळाचा सहकार्यवाह आहे, आणि सल्ला द्यायला त्याला प्रश्नाची गरज लागत नाही. काही माणसांच्या खात्यात फक्त देणंच असतं, घेणं नाही. पद्माकर सल्ल्यांच्या बाबतीत तसा आहे.

त्या जानेवारीत मात्र त्याने आधी विचारलं, तोंड का पाडून बसलायस म्हणून. मी सांगितलं. आम्ही २००४ साली इथे आलो ते ‘हायली स्किल्ड’ म्हणून. म्हणजे अतिकुशल. हे मी म्हणत नाही, ब्रिटिश सरकारने माझ्या पासपोर्टात चिकटवलं होतं. पण नुकतेच, २००६च्या नोव्हेंबरात, नियम बदलले आणि कोण किती कुशल हे नव्या गुणपत्रिकेवर मोजायचं ठरलं. त्या गुणपत्रिकेत वयासाठी मला शून्य मिळत होतं. पंचविशीतल्या पोराला भरघोस गुण आणि बेचाळिशीतल्या कॉस्ट अकाउंटंटला शून्य. सगळं मिळून मी पाच गुणांनी नापास होत होतो. २००८च्या शरदात व्हिसा संपला की गाशा गुंडाळून पुणे.

पुणं मला वाईट नाही. चैत्रालीलाही नसावं, पण मेडनहेडच्या लायब्ररीत तिला नुकतं कुठे कायम केलं होतं. खरा प्रश्न तनूचा होता. तनू, म्हणजे आमची तनिषा, तेव्हा बारा वर्षांची. ती मराठी बोलते, पण आपल्या भाषेतली तिन्ही लिंगं तिला सारखीच वाटतात. परत जावं लागेल असं आम्ही तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पण माझी शाळा इथला आहे.” एरवी मी तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करतो. ते केलं नाही.

हे सगळं मी पद्माकरला सांगत असताना आतून वाट्या आल्या. चैत्रालीने मुगागाठी केली होती, मोड आलेल्या मुगाची नारळ घातलेली. पद्माकरने एक घास घेतला आणि ही गोव्याची चव कुठून आली असं विचारलं. मी म्हटलं, सासूबाई म्हापशाच्या. जन्म कधीचा, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एकेचाळीस सालचा. पद्माकरने वाटी खाली ठेवली.

“विनय, तुझी सासू पोर्तुगीज आहे.”

मी म्हटलं, कडक आहेत, पण इतक्या नाहीत.

मग त्याने समजावलं. एकसष्ट सालच्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगालचा. त्याआधी तिथे जो जन्मला तो त्यांच्या लेखी त्यांचा नागरिक, आणि त्याची मुलंही. म्हणजे सासूबाईंच्या जन्माची नोंद लिस्बनला पोचवायची, त्या आधारावर चैत्रालीने पोर्तुगीज व्हायचं, की ती युरोपियन झाली. मग तिला या देशातून कोणी हलवू शकत नाही. तनूलाही नाही.

“आणि मी?”

“तू तिचा नवरा ना? तू तिच्या मागून.” त्याने हाताने दाखवलं, टेम्पोच्या मागे लोंबकळतात तसं. “साधं काम आहे.”

मी आजवर बरीच माणसं पाहिली. कामाला साधं म्हणणाऱ्यांपैकी ते काम स्वतः करावं लागलेला एकही भेटला नाही.

त्याच रात्री चैत्रालीने पुण्याला फोन लावला. सासूबाईंना आधी ही थट्टा वाटली, आणि नंतर तर त्या चिडल्याच. त्यांचे वडील पुरुषोत्तम केंकरे म्हापशात शाळामास्तर होते आणि पोर्तुगीजांविरुद्ध पत्रकं वाटत होते. पोलीस दारात यायला लागले तेव्हा बायकोमुलांना घेऊन ते पुण्याला आले, ते परत गेलेच नाहीत. ज्यांच्यामुळे बाबांनी घर सोडलं त्यांच्या दारात आता मी जाऊन नाव सांगू का, असं त्यांनी विचारलं. चैत्रालीने फोन तनूकडे दिला. तनू म्हणाली, “आजी, आम्हाला तुझा नाव पाहिजे.”

मग सासूबाईंनी विचारलं, “कोणतं?”

या प्रश्नावर आमच्यापैकी कोणी एकाने जरी कान टवकारले असते, तर पुढचं वर्ष वाचलं असतं. पण त्या हो म्हणाल्या एवढ्यातच आम्ही खूश होतो.

हिंदुस्थानात असतो तर मी हा प्रकार चारचौघांपासून लपवला असता. इथे लपवायची गरज नव्हती, कारण आमच्या शेजाऱ्याच्या घरी हाच संसर्ग आधी झालेला होता. टोनी फुस्को हा निवृत्त ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर. त्याचे आजोबा इटलीतून वेल्समध्ये आले आणि त्यांनी खाणकामगारांच्या गावात कॅफे काढला. टोनीला इटलीची भाषा येत नाही, तो इटलीत एकदाच गेलाय आणि तिथे त्याचं पोट बिघडलं. पण त्याला वारसाहक्काने इटालियन नागरिक व्हायचं होतं. का, असं मी विचारलं तर म्हणाला, नाव फुस्को आहे आणि पासपोर्टकडे बघून लोक स्पेलिंग विचारतात. मला हे कारण पुरेसं वाटलं.

टोनीने कुंपणावरून मला घाबरवलं. तो म्हणाला, सगळं एका तारखेवर असतं. त्याच्या आजोबांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं ते टोनीचे वडील जन्मण्याआधी की नंतर? आधी घेतलं असेल तर साखळी तुटली, नंतर घेतलं असेल तर टिकली. ही तारीख सरकारी दप्तरातून शोधून देण्यासाठी त्याने अर्ज केला होता आणि तो रोज पोस्टमनशी गोड बोलत होता. “तुझ्या सासूचे वडील इंडियन कधी झाले?” त्याने विचारलं. मी धावत घरात गेलो आणि फोन केला. सासूबाई एकेचाळीसच्या, वडिलांनी गाव सोडलं बावन्नला. मुलगी आधी, देशांतर नंतर. मी बाहेर येऊन टोनीला सांगितलं तेव्हा त्याने कुंपणावरून हात पुढे करून माझा हात दाबला. बाप होण्याच्या बातमीवरही माझं इतकं मनापासून अभिनंदन झालं नव्हतं.

पद्माकरने एजंट शोधून दिला, स्विंडनचा आग्नेलो. स्विंडनला गोव्याची पुष्कळ मंडळी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे कागद आग्नेलोने केले होते असं आग्नेलोचं म्हणणं होतं. पुढे त्याचं दुकान, तिथे खोबरेल तेल, सुके बांगडे आणि फोनची कार्डं. मागे ऑफिस. आपण काहीही विचारलं की तो डोळे मिटून म्हणायचा, “जातलें, सायबा, जातलें.” म्हणजे होईल. कधी होईल हे त्या शब्दात नसतं. तरी त्याच्या चुलतभावाने म्हापशाहून सासूबाईंचा जन्मदाखला मिळवला हे खरं. बांगड्यांच्या वासासकट तो आमच्या घरी आला.

दाखल्यावर नाव होतं मीनाक्षी. पोर्तुगीजांच्या पद्धतीने, म्हणजे ‘क्ष’च्या जागी एक्स घालून. आजीच्या नावात एक्स आहे हे बघून तनूला तिच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. मला मात्र वेगळीच शंका आली.

“ही मीनाक्षी कोण?” मी चैत्रालीला विचारलं.

“आई. तिचं माहेरचं नाव.”

आणि मी, पुण्यात वाढलेला शहाणा माणूस, “हां, हां,” म्हणून मोकळा झालो. कारण आपल्याकडे हे असंच असतं. माझ्या स्वतःच्या आईचं माहेरचं नाव शशी होतं हे मला मी कॉलेजात असताना कळलं; तिची एक मैत्रीण दारात उभी राहून शशी, शशी करत होती आणि मी तिला शेजारचं घर दाखवलं. बाई लग्नात नाव बदलते, मंडळी पेढे खातात, आणि पहिली बाई कुठे गेली असं कोणी विचारत नाही. आता जगात दुसरं कोणी ते विचारेल हे आमच्या डोक्यात कसं येणार?

आग्नेलोच्याही आलं नाही. त्याने आमच्याकडचे कागद घेतले. मीनाक्षीच्या जन्माचा दाखला, चौसष्ट सालची लग्नपत्रिका, तिच्यावर ‘चि. सौ. कां. मीनाक्षी’, चैत्रालीच्या जन्माचा दाखला, त्यावर आईचं नाव वैजयंती. हे सगळं जुळवून त्याने पोर्तुगीजमध्ये एक झकास निवेदन लिहिलं. आम्हाला कोणाला ते वाचता आलं नाही. खाली शिक्का सुंदर होता.

मे महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. साडी, त्यावर कार्डिगन, पायात पांढरे बूट, असा त्यांचा थाट. मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवर लोक त्यांच्याकडे वळून बघायचे आणि त्या लोकांकडे वळून बघायच्या. पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं पॅडिंग्टनची ट्रेन पकडून लंडनच्या पोर्तुगीज वकिलातीत गेलो.

काउंटरवरच्या बाई अतिशय सभ्य होत्या. त्यांचं काहीही चुकलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी आग्नेलोचं निवेदन वाचलं, चष्मा काढला आणि हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, मीनाक्षीबाईंच्या मृत्यूचा दाखला आणलाय का?

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

बाईंनी समजावलं. या निवेदनाप्रमाणे मुरलीधर यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चौसष्टमध्ये मीनाक्षी यांच्याशी लग्न केलं. त्यानंतर त्यांची पत्नी वैजयंती यांना कन्या झाली. म्हणजे मधल्या काळात मीनाक्षी वारल्या असणार. घटस्फोट असेल तर घटस्फोटाचा कागद चालेल. सांत्वनाच्या सुरात त्या असंही म्हणाल्या की वैजयंती यांचा जन्म गोव्याचा नसेल, तर अर्थातच त्यांच्या मुलीला काही मिळणार नाही.

सासूबाईंना इंग्रजी उत्तम कळतं. त्या पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होत्या. त्या काउंटरजवळ सरकल्या.

“मीनाक्षी इज हिअर,” त्या म्हणाल्या.

“अँड वैजयंती?”

“ऑल्सो हिअर.”

बाईंनी त्यांच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग मी पुढे झालो आणि आमची पद्धत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ज्या कागदाने हे नाव बदललं तो कागद मागितला. कोर्टाचा, गॅझेटचा, कुठलाही. आता खरं सांगणं भाग होतं. मी म्हटलं, कागद नसतो, ताट असतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो.

“आणि ते तांदूळ कोणाकडे आहेत?”

त्यांनी हे इतक्या गंभीरपणे विचारलं की मला खोटं बोलवेना. ते गुरुजी घेऊन जातात, मी म्हटलं. बहुधा दुसऱ्या दिवशी शिजवतात. एका युरोपीय राष्ट्राच्या प्रतिनिधीसमोर, आमच्या घरातला सर्वात महत्त्वाचा दस्तऐवज भात होऊन गेला अशी कबुली द्यायची वेळ माझ्यावर आली.

बाईंनी मार्ग सुचवला. पती हयात आहेत ना? मग त्यांनी शपथेवर लिहून द्यावं, की या दोघी एकच आहेत आणि नाव असं असं बदललं. नोटरीचा शिक्का घ्या, भाषांतर नीट करून आणा. आणि निघताना त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेऊन त्या जिवंत असल्याबद्दल आनंद व्यक्त केला.

परतीच्या ट्रेनमध्ये सासूबाई स्लाउपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग एकाएकी म्हणाल्या, “माझं नाव बदललं ते तुमच्या सासऱ्यांच्या आईने, बरं का विनयराव. मुरलीधराच्या गळ्यात वैजयंती माळ असते, म्हणून सून वैजयंती. त्यांना ते फार सुचलं असं वाटायचं.” मग चैत्रालीकडे वळून म्हणाल्या, “आणि यांनी ताटात काय लिहिलं होतं माहितीय?”

चैत्राली म्हणाली, “वैजयंती.”

“ते नंतर. आधी लिहिलं ‘मी’. एवढं मोठं. मी. सासूबाईंनी लगेच हात फिरवला आणि नीट लिही म्हणाल्या. बायकोचं नाव लिहायचं तर हा माणूस मी लिहितो. मी तिथेच ओळखलं, आपल्या नशिबी काय आलंय ते.”

चैत्राली मेडनहेड येईपर्यंत हसत होती. मीही हसलो, पण बेताने. जावयाने सासऱ्यांना किती हसावं याला मर्यादा असते.

आता काम उरलं होतं सासऱ्यांच्या सहीचं. मी निर्धास्त होतो. पण सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्याने लिहिलेल्या मसुद्यावर आयुष्यात त्यांनी जशीच्या तशी सही केलेली नाही. पद्माकरने आपण होऊन मसुदा केला, ‘माझी पत्नी मीनाक्षी उर्फ वैजयंती’. सासऱ्यांनी तो फोनवर फेटाळला. उर्फ पोलीस लिहितात, ते म्हणाले. पाकीटमारांना उर्फ असतं. माझ्या बायकोला उर्फ नाही.

मी ‘पूर्वाश्रमीची मीनाक्षी’ सुचवलं. त्यांनी विचारलं, तिने संन्यास कधी घेतला? ‘मीनाक्षी म्हणजेच वैजयंती’ हे त्यांना भूमितीतल्या सिद्धतेसारखं वाटलं. ‘नामांतर’ गावांचं होतं, माणसांचं नाही. इंग्रजीत करू या म्हटलं तर ‘एलियास’ म्हणजे पुन्हा उर्फच, आणि ‘ने’ नावाचा, माहेरचं नाव सांगणारा एक तीन अक्षरी फ्रेंच शब्द यासाठी इंग्रजीत चालतो हे त्यांना पटेना; त्यांना वाटलं मी त्यांची मस्करी करतोय. दर रविवारी नवा मसुदा जायचा आणि दर बुधवारी नवी हरकत यायची. सरकारी खात्यात या माणसाने धरणं कशी बांधू दिली असतील, असं माझ्या मनात यायचं.

उन्हाळा संपला. टोनीकडे सरकारी दप्तरातून उत्तर आलं. त्याच्या आजोबांच्या ब्रिटिश नागरिकत्वाची तारीख सापडली नाही, कारण त्यांनी ते कधी घेतलंच नव्हतं. गावभर स्वतःला ब्रिटिश म्हणवत होते, बस. टोनी एका सकाळी उठून पक्का इटालियन झाला होता. त्याने बाटली उघडली आणि मला कुंपणावरून ग्लास दिला. माझ्या सासऱ्यांची सही अजून झाली नाही हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर एका राष्ट्राची दुसऱ्या राष्ट्राबद्दलची कणव दिसली. त्याच संध्याकाळी तनूच्या शाळेतून पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा कागद आला. चैत्रालीने तो टेबलावर ठेवला आणि भरला नाही. सासूबाईंनी तो बघितला, चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि मला म्हणाल्या, फोन लावा.

मी कांदा चिरत होतो. हात ओले म्हणून फोन स्पीकरवर ठेवला, आणि तो तसाच राहिला.

“अहो, सही का करत नाही तुम्ही?” सासूबाईंनी विचारलं. “पोरीची शाळा अडलीय इथे.”

“मी खोटं लिहून देणार नाही.”

“खोटं काय आहे त्यात?”

“सगळ्या मसुद्यांत एक वाक्य आहे. विवाहसमयी वराने वधूचं नाव बदलून वैजयंती ठेवलं. मी ठेवलं नाही. आईने ठेवलं.”

“पण ताटात तुम्हीच लिहिलंत ना?”

“मी मीनाक्षी लिहीत होतो. आईला आधी सांगितलं होतं, नाव बदलायचं नाही. एक अक्षर लिहून झालं आणि तिने त्यावर हात फिरवला. भर मांडवात मी काय करणार?”

कांद्यामुळे माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सासूबाई खुर्चीवर बसल्या.

“मला वाटलं, तुम्ही ‘मी’ लिहिलंत,” त्या म्हणाल्या.

“मी कशाला ‘मी’ लिहीन?”

मग सासूबाई म्हणाल्या, “मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?”

“तू कधी विचारलंस?”

“गोळ्या वेळेवर घेताय ना?”

“घेतोय.”

त्यांनी फोन ठेवला, माझ्या हातातून सुरी घेतली आणि मी अर्धवट चिरलेला कांदा पुन्हा बारीक चिरायला घेतला. मला म्हणाल्या, फार जाड झालाय.

दहा-बारा दिवसांत पुण्याहून प्रतिज्ञापत्र आलं, सासऱ्यांच्या स्वतःच्या मसुद्यातलं. त्यात उर्फ नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की वराने मीनाक्षी हेच नाव लिहावयास घेतले असता वराच्या मातोश्रींनी हस्तक्षेप केला, व तदनंतर सदर स्त्री वैजयंती या नावाने ओळखली जाऊ लागली. तथापि स्त्री तीच आहे. हस्तक्षेप हा शब्द मी जन्मभर वर्तमानपत्रात वाचत आलोय. तो इतक्या अचूक अर्थाने वापरलेला मी प्रथमच बघितला. या वेळी भाषांतर आग्नेलोकडून आम्ही शब्दनशब्द समजून घेतलं. ‘हस्तक्षेप’पाशी तो अडला, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या टेबलावर तांदूळ मागवले आणि करून दाखवलं.

वकिलातीतल्या त्याच बाईंनी ते वाचलं. मग आत जाऊन आणखी एका बाईंना घेऊन आल्या आणि दोघींनी मिळून वाचलं. दुसऱ्या बाईंनी काउंटरच्या काचेतून सासूबाईंकडे बघून मान हलवली, जशी एक सून दुसऱ्या सुनेकडे बघून हलवते. शिक्के पडले, कागद लिस्बनला गेले. जन्माची नोंद सासूबाईंची झाली, पण त्यांनी स्वतः पासपोर्ट काही मागितला नाही. बाबांना काय वाटेल, एवढंच त्या म्हणाल्या. नोव्हेंबरात त्या पुण्याला परत गेल्या.

२००८च्या मार्चमध्ये चैत्राली पोर्तुगीज झाली. तिने भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी ती रात्री जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तनूचा विषय निवडीचा कागद भरला. पद्माकर पेढे घेऊन आला आणि साधंच काम होतं ना, असं म्हणाला. माझा अर्ज मी तयार करत होतो. त्यात माझी या देशातली ओळख एका ओळीत होती, ‘युरोपीय नागरिकाच्या कुटुंबातील व्यक्ती’. अतिकुशल वगैरे काही नाही. आधी माझ्याकडे पदवी होती, आता नुसतं नातं. मी तो अर्ज रोज काढायचो, वाचायचो आणि परत ठेवायचो.

आणि एप्रिलमध्ये कोर्टाचा निकाल लागला. आमच्यासारखे जे लोक आधीच्या योजनेवर विश्वासून आले त्यांना आधीचेच नियम लागू, नवी गुणपत्रिका त्यांच्यासाठी नाही. म्हणजे मी पास होतो. पहिल्यापासूनच पास होतो. सासूबाईंना मारायची, जिवंत करायची, पाटबंधारे खात्याशी लढायची काहीच गरज नव्हती. मी निकाल दोनदा वाचला आणि अर्ज फाडला. मी चैत्रालीला म्हटलं, आता मी माझ्या बळावर राहणार. ती म्हणाली, राहा की. आणि तिचा नवा पासपोर्ट तिने माझ्या फाइलच्या वरच ठेवला.

शेवटी माझ्या पासपोर्टात नवा व्हिसा चिकटला, अतिकुशलचाच, तेव्हा मी स्वतः पुण्याला फोन लावला. ही बातमी मला माझ्या तोंडून द्यायची होती.

सासऱ्यांनी उचलला. थांबा, तिला देतो, म्हणाले, आणि फोन बाजूला ठेवून त्यांनी हाक मारली.

“मीनाक्षी.”

उत्तर नाही. कुकरची शिट्टी ऐकू आली.

“मीनाक्षी, फोन आहे.”

काही नाही. सासरे फोनशी येऊन मला हळूच म्हणाले, “हल्ली अशी हाक मारतो. ती लक्षच देत नाही.” मग तोंड वळवून म्हणाले, “अगं ए.”

“आले,” लगेच आवाज आला. आणि फोन घेता घेता सासूबाई त्यांना विचारत होत्या, “घरात कोणी मीनाक्षी आलीय का? कोणाला मघापासून हाका मारताय?”

पलीकडे काहीतरी पुटपुटणं झालं. ते मला कळलं नाही. मी म्हटलं, “आई, आमचं इथे राहायचं नक्की झालं.”

“तनूची शाळा?”

“इथेच.”

त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला असावा, पण तो नीट बसला नव्हता. “राहणार म्हणतायत तिथेच,” त्यांनी आत सांगितलं.

“झालं कशाने ते?” सासऱ्यांनी विचारलं.

“कशाने म्हणजे? माझ्या नावाने.”

कोर्ट, निकाल, जुने नियम, नवे नियम, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. समोर चहा होता. मी एक मोठा घोट घेतला, आणि ते सगळं चहाबरोबर पोटात गेलं.